संगणक सुरू होत नाही, तेव्हा...

ऐन निकालाच्या आठवड्यात शाळेच्या कार्यालयातला किंवा आपल्या घरातला संगणक सुरू होत नाही. बटण दाबले की पंखा फिरतो, पण नेहमीचा पडदा काही येत नाही. मग कोणी वायरी हलवून पाहते, कोणी बटण पुन्हा पुन्हा दाबते, तर कोणी 'व्हायरस असणार' असे सांगून मोकळे होते. शेवटी संगणक दुरुस्तीला जातो. दोन दिवसांनी तो परत येतो तेव्हा चालू झालेला असतो, पण आतून कोरा! 'विंडोज उडालं होतं, फॉरमॅट मारलं' एवढाच खुलासा मिळतो. गुणांचे तक्ते, तीन वर्षांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, शिक्षकांनी जमवलेल्या प्रश्नपत्रिका असे सगळे गेलेले असते. मूळ बिघाड कदाचित एवढाच असतो की आतली एक छोटी बॅटरी संपलेली होती.

संगणक सुरू न होणे आणि संगणकातली माहिती नष्ट होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा पहिली घडते तेव्हा दुसरी घडलेली नसते. ती नंतर, घाईघाईच्या उपायांमुळे घडते. म्हणून बटण दाबल्यापासून आत काय काय घडते, कोणत्या क्रमाने घडते आणि तो क्रम माहीत असेल तर बिघाड कुठे असावा याचा अंदाज कसा बांधता येतो, हे या लेखात पाहू. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण लागत नाही. शाळेतले विज्ञान आणि थोडा धीर पुरेसा आहे.

स्वतःला स्वतःच उठवण्याचे कोडे

संगणकाच्या प्रोसेसरला एकच काम येते. स्मृतीत लिहिलेली आज्ञा वाचायची, ती पाळायची आणि पुढची आज्ञा वाचायची. पण संगणकाची मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, वीज गेली की पुसली जाते. सकाळी आपण बटण दाबतो तेव्हा रॅममध्ये अर्थपूर्ण असे काहीच नसते. विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम असते ती डिस्कवर. तिला डिस्कवरून रॅममध्ये आणायचे तर ते काम करणारी एखादी आज्ञावली आधी चालू असायला हवी. आणि ती आज्ञावली चालू असायला प्रोसेसरला ती कुठेतरी वाचायला मिळायला हवी. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तसा हा पेच आहे.

'बूट होणे' हा शब्दप्रयोग या पेचातूनच आला. बूट पायात चढवताना धरायला त्याच्या मागे एक पट्टी असते, तिला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचे, हा अशक्य गोष्टीसाठीचा जुना इंग्रजी वाक्प्रचार. संगणकाला रोज सकाळी नेमके हेच करावे लागते.

सुरुवातीला या कामात माणसाला हातभार लावावा लागे. १९७५ साली आलेल्या 'आल्टेअर ८८००' या छोट्या संगणकाच्या दर्शनी भागावर खटक्यांची रांग होती. ते खटके वरखाली करून पहिली छोटी आज्ञावली एकेक बाइट करत हाताने भरावी लागे. पुढे ही आज्ञावली वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये कायमची लिहून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'आयबीएम पीसी'त अशी चिप होती आणि तिच्यातील आज्ञावलीला 'बायोस' म्हणत. त्या संगणकाच्या ८०८८ प्रोसेसरला १०,४८,५७६ बाइटांपर्यंतचे पत्ते ठाऊक असत. वीज मिळताच तो डोळे झाकून एकाच ठरलेल्या पत्त्यावर जाई, तो म्हणजे शेवटून सोळावा बाइट. बायोसकडे कसे जायचे, हे तिथे लिहिलेले असे. आता बायोसची जागा 'यूईएफआय' या अधिक मोठ्या आज्ञावलीने घेतली आहे. बोलताना मात्र सगळे अजून बायोसच म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

ही पहिली आज्ञावली नष्ट झाली तर काय होते, ते २६ एप्रिल १९९९ रोजी जगाला दिसले. 'सीआयएच' नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर शून्ये लिही आणि जमल्यास बायोसच्या चिपमध्येही निरर्थक मजकूर भरून टाकी. ज्यांची चिप अशी खराब झाली, त्या संगणकांच्या पडद्यावर एक अक्षरही येईना. आतले सगळे भाग धडधाकट होते, पण पहिली आज्ञा कोणती हे सांगणारेच कोणी उरले नव्हते. चिप बदलणे किंवा ती पुन्हा लिहून घेणे हाच त्यावर इलाज होता.

आठ कड्यांची साखळी

बटण दाबल्यापासून घडणाऱ्या घटना एखाद्या साखळीसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. सोयीसाठी तिच्या आठ कड्या मानू.

१. भिंतीवरच्या सॉकेटपासून, यूपीएस असल्यास त्यातून, संगणकापर्यंत वीज पोचते.

२. कॅबिनेटमधला 'एसएमपीएस' हा डबा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो. दाब स्थिर झाले की तो मदरबोर्डला 'वीज ठीक आहे' असा इशारा देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते.

३. प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावर जाऊन बायोस वाचू लागतो.

४. बायोस रॅम आणि इतर आवश्यक भागांची तपासणी करतो.

५. पडदा चालू होतो आणि त्यावर संगणकाच्या कंपनीचे बोधचिन्ह किंवा काही अक्षरे दिसतात.

६. ऑपरेटिंग सिस्टीम कोणत्या डिस्कवर आहे, ते बायोस शोधतो.

७. त्या डिस्कवरची एक लहान आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा रॅममध्ये आणते.

८. तो गाभा कीबोर्ड, नेटवर्क, प्रिंटर अशा भागांच्या चालक आज्ञावल्या, म्हणजे ड्रायव्हर, चालू करतो आणि शेवटी आपल्यासमोर नाव व पासवर्ड विचारणारा पडदा येतो.

दुसऱ्या कडीबद्दल थोडे सांगायला हवे. पूर्वीच्या संगणकांचे बटण दिव्याच्या बटणासारखे थेट वीज जोडत किंवा तोडत असे. १९९५ मध्ये आलेल्या 'एटीएक्स' रचनेपासून ते फक्त इशारा देण्याचे काम करते. संगणक 'बंद' असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून ५ व्होल्टचा एक लहान प्रवाह मदरबोर्डला मिळत राहतो. म्हणून कॅबिनेट उघडण्यापूर्वी संगणक बंद करणे पुरेसे नाही. भिंतीतला प्लगच काढायला हवा.

या साखळीचा एक गुण आपल्या फार उपयोगाचा आहे. आधीच्या कडीने काम केल्याशिवाय पुढची कडी कामाला लागत नाही. म्हणजे बोधचिन्ह पडद्यावर दिसले, तर पहिल्या पाचही कड्यांनी आपापले काम केले असे समजायला हरकत नाही. तिथे वीज, केबल, मॉनिटर यांच्याशी खटपट करण्यात अर्थ नाही. याला एक अपवाद ध्यानात ठेवावा. एखादा भाग पुरता मेलेला नसून नुसता अशक्त झालेला असेल, तर तो सुरुवातीची परीक्षा पास होतो आणि पुढे दगा देतो. पण असा बिघाड सहसा एकाच जागी अडत नाही, आज इथे तर उद्या तिथे अडतो, आणि त्यावरूनच ओळखू येतो.

मधूनच सुरुवात का करायची?

गणपतीच्या आराशीतली एकसरीत जोडलेली बत्तीस दिव्यांची माळ पेटत नाही, असे समजा. दिवा गेलाय तो एकच. पहिल्या दिव्यापासून एकेक तपासत गेलो, तर नशीब वाईट असल्यास एकतीस तपासण्या कराव्या लागतील. त्याऐवजी माळ मध्यावर तपासली तर दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे हे एकाच तपासणीत कळते. उरलेल्या सोळांचे पुन्हा दोन भाग करायचे. ३२, १६, ८, ४, २, १ असे करत पाच तपासण्यांत दिवा सापडतो.

संगणकाच्या आठ कड्यांसाठी असे तीन-चार प्रश्न पुरतात. पहिला प्रश्न साखळीच्या मध्यावरचा : बोधचिन्ह किंवा एखादे अक्षर तरी पडद्यावर उमटते का? उमटत नसेल तर दोष पहिल्या पाच कड्यांत आहे, उमटत असेल तर शेवटच्या तीनांत. गंमत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळवायला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एखादे उपकरण चालेनासे झाले की आम्ही याच वाटेने जातो, आणि सोबत आणखी एक नियम पाळतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. केबल बदलली, रॅम काढून बसवली, यूपीएस टाळला आणि संगणक सुरू झाला, तर तो कशामुळे सुरू झाला हे कळत नाही. मग दोष पुन्हा उद्भवला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पडदा काळाच असेल तर

पडदा काळा म्हणजे संगणक मेला, असे लगेच समजू नये. कदाचित साखळी पूर्ण झालेली असेल आणि फक्त मॉनिटर बंद असेल. याची एक सोपी परीक्षा आहे. मिनिटभर थांबून कीबोर्डवरची 'कॅप्स लॉक' कळ दाबा. तिचा दिवा दर दाबण्यासरशी लागत-विझत असेल, तर आत कोणीतरी आज्ञा पाळते आहे. मग मॉनिटर, त्याची वायर आणि मॉनिटरवर निवडलेले जोडणीचे ठिकाण तपासावे. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर अंधारात तिरपा टॉर्च मारला आणि पुसट चित्र दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेलेला आहे.

पंखा नाही, दिवा नाही, कसलीच हालचाल नाही, असे असेल तर पहिल्या दोन कड्या पाहा. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहा. यूपीएस टाळून संगणक थेट भिंतीला जोडा. यूपीएसमधली बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि आळ संगणकावर येतो. काही जुन्या एसएमपीएसवर मागच्या बाजूला ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच असायला हवा.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. २३० व्होल्ट हे प्रत्यावर्ती दाबाचे वर्गमाध्य मूल्य आहे. त्याचे शिखरमूल्य २३० ला २ च्या वर्गमुळाने गुणले की मिळते, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. आतले मोठे धारित्र या दाबापर्यंत भारित होते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसेच राहू शकते. एसएमपीएसवर संशय असेल तर चांगला एसएमपीएस जोडून पाहणे हीच योग्य परीक्षा.

पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच नाही आणि कॅप्स लॉकही दाद देत नाही, अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या कडीकडे वळावे. बायोसला पडदा चालू करता आला नाही तरी त्याला तक्रार करता येते. जुन्या मदरबोर्डांवर ती 'बीप' आवाजांच्या सांकेतिक भाषेत असे. उदाहरणार्थ, 'अवॉर्ड' कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागात दोष. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असल्याने मदरबोर्डची पुस्तिका पाहावी लागते. हल्लीच्या अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांच्यासाठी चार छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे साखळी अडली आहे.

या टप्प्यावर वारंवार आढळणारा दोष म्हणजे रॅमच्या पट्टीचा नीट न होणारा संपर्क. धूळ, दमट हवा आणि तापण्या-निवण्यामुळे होणारे प्रसरण-आकुंचन यांमुळे तो सैल होतो. भिंतीतला प्लग काढा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरून उरलासुरला भार जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग पट्टी काढा. धातूला हात का लावायचा? कोरड्या हवेत खुर्चीवरून नुसते उठलो तरी अंगावर हजारो व्होल्टचा स्थितिक भार जमू शकतो. सुमारे ३,००० व्होल्टच्या खाली तो आपल्याला जाणवतही नाही, पण चिप मात्र त्याहून कितीतरी कमी दाबाने खराब होऊ शकते. पट्टीचे संपर्क मऊ कोरड्या कापडाने पुसून ती 'टक्' असा आवाज होईपर्यंत खाचेत दाबून बसवावी. दुरुस्तीवाले खोडरबर वापरतात. त्याने काम होते, पण संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून रबर जोरात घासू नये. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी.

तरीही यश आले नाही तर प्रिंटर, पेनड्राइव्ह, डिस्क असे सुरुवातीला न लागणारे सगळे काढून कमीत कमी भागांवर संगणक सुरू करून पाहावा. मग दर वेळी प्लग काढून एकेक भाग परत जोडत जावे. संगणक सुरू होऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का आणि त्याच्या पात्यांत धूळ किती आहे ते पाहावे. तापमान मर्यादेबाहेर गेले की संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो.

बोधचिन्ह दिसते, पण डिस्क सापडत नाही

बोधचिन्हानंतर काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशा अर्थाचा संदेश आला, तर साखळी सहाव्या कडीवर अडली आहे. सर्वप्रथम एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का ते पाहावे. फ्लॉपीच्या काळात ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी हे संगणक सुरू न होण्याचे नेहमीचे कारण असे. १९८६ सालचा 'ब्रेन' व्हायरस अशाच फ्लॉपीच्या पहिल्या भागात लपून पसरला होता. यंत्र बदलले, पण बायोस चुकीच्या दारावर जाऊन थांबतो हा प्रकार आजही घडतो.

नंतर बायोसच्या पडद्यावर जावे. संगणक सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट यांसारखी कळ दाबली की तो उघडतो; कोणती कळ ते सहसा बोधचिन्हाखाली लिहिलेले असते. तिथे दोन गोष्टी पाहायच्या : तारीख बरोबर आहे का, आणि यादीत डिस्कचे नाव आहे का.

तारखेचे महत्त्व सांगायला आमच्याकडचेच एक उदाहरण देतो. प्रयोगशाळेतला एक जुना संगणक फक्त सोमवारी सकाळी सुरू व्हायला नकार देई, इतर दिवशी तो बिनतक्रार चाले. सोमवार वेगळा का, एवढाच प्रश्न होता. आठवडाभर रात्री भिंतीवरचे बटण चालू राही, शनिवारी मात्र सगळी बटणे बंद करून कुलूप लावले जाई. बायोसमध्ये पाहिले तर तारीख कितीतरी वर्षे मागे गेलेली. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची 'सीआर २०३२' ही ३ व्होल्टची बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ आणि अनेक मदरबोर्डांवर बायोसमधील निवडी टिकवण्याचे काम तिचे. ती संपली होती. एरवीच्या रात्री एसएमपीएसचा तो लहान प्रवाह तिचे काम करत होता, शनिवार-रविवारी तोही नसे. निवडी पुसल्या गेल्यामुळे बायोस डिस्कशी बोलण्याची पद्धतच विसरत होता. नवी बॅटरी बसवून निवडी पूर्ववत केल्या आणि तो संगणक सोमवारीही सुरू होऊ लागला. डिस्कवरची एकही फाईल हलवावी लागली नाही.

यादीत डिस्कचे नावच नसेल तर तिची वायर काढून पुन्हा बसवून पाहावी. जुन्या, फिरत्या चकत्यांच्या हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने 'टक टक' असा आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा. या डिस्कमधले वाचनशीर्ष चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ते चकतीला घासू लागले असेल, तर पुन्हा सुरू करण्याचा प्रत्येक प्रयत्न आणखी थोडी माहिती खरवडून काढतो. अशा वेळी धीर धरणे म्हणजे बटणाला हात न लावणे. माहिती मोलाची असेल तर ती परत मिळवून देणाऱ्या जाणकारांकडे डिस्क तशीच न्यावी.

शेवटच्या दोन कड्या

विंडोजचे चिन्ह येते, ठिपके फिरत राहतात किंवा निळा पडदा येऊन संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी यंत्र बहुधा ठीक असते आणि दोष सातव्या-आठव्या कडीत, म्हणजे आज्ञावल्यांत असतो.

१९ जुलै २०२४ रोजी याचे फार मोठे उदाहरण घडले. 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीने आपल्या सुरक्षा-आज्ञावलीसाठी एक सदोष फाईल जगभर पाठवली. ही आज्ञावली विंडोज सुरू होतानाच, अगदी लवकर चालू होत असे. ती कोसळली की विंडोजही कोसळे, आणि संगणक पुन्हा सुरू झाला की तेच घडे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक असे अडकले. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने सदोष फाईल सव्वा तासाच्या आसपास मागे घेतली, पण अडकलेले संगणक सुरूच होत नसल्याने अनेकांपर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? एकेका संगणकापाशी जाऊन तो 'सेफ मोड'मध्ये सुरू करून ती एक फाईल काढावी लागली. ८५ लाखांपैकी एकाही संगणकाला त्यासाठी फॉरमॅट करण्याची गरज नव्हती.

सेफ मोड म्हणजे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन सुरू होणे. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होऊ शकले नाही, तर आजच्या आवृत्त्या आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतात. त्यात हा पर्याय मिळतो. सेफ मोडमध्ये संगणक सुरू झाला तर अलीकडे काय बदलले ते आठवावे : नवा प्रिंटर, नवी आज्ञावली, अर्धवट राहिलेले अपडेट. ते काढले की बरेचदा काम होते. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१२ च्या 'विंडोज ८' पासून 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. त्यामुळे आतला गोंधळही जपला जाऊ शकतो. गाभा खरोखर नव्याने सुरू करायचा तर 'रीस्टार्ट' निवडावे.

मध्येच वीज गेली की सगळे नष्ट होते, ही भीतीही थोडी अतिशयोक्त आहे. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो, म्हणून मध्ये व्यत्यय आला तरी हिशेब जुळवता येतो. विंडोजची 'एनटीएफएस' आणि लिनक्सची 'ईएक्सटी-४' या फायली ठेवण्याच्या पद्धती असेच करतात. डिस्कवरच्या नोंदींत करायचा बदल त्या आधी रोजकीर्दीत लिहितात. वीज परत आल्यावर रोजकीर्द पाहून अर्धवट बदल पुरा केला जातो किंवा रद्द होतो. म्हणून सुरू होताना विंडोज डिस्क तपासत बसले, तर कितीही वेळ लागला तरी तपासणी तोडू नये. आपण न जतन केलेला मजकूर मात्र रोजकीर्दीतही नसतो.

'फॉरमॅट' म्हणण्यापूर्वी

वरचे सगळे करूनही विंडोज सुरू झाले नाही, तर एक नियंत्रित प्रयोग करावा. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखे लिनक्स एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि बंद पडलेला संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. 'ट्राय', म्हणजे नुसते वापरून पाहण्याचा पर्याय निवडायचा. 'इन्स्टॉल' निवडू नये, त्याने डिस्क पुसली जाऊ शकते. इथे प्रोसेसर, रॅम, पडदा तेच आहेत, बदलली आहे ती फक्त ऑपरेटिंग सिस्टीम आणि ती जिथून येते ती जागा. अर्धा तास संगणक नीट चालला, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्यावरच्या विंडोजमध्ये आहे. इथेही तो अडखळला, तर यंत्रात आहे. शिवाय डिस्क वाचता येत असेल, तर आपल्या सगळ्या फायली तिथूनच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात.

काही संगणकांवर डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली नसेल तर फायली वाचता येत नाहीत. ही किल्ली आजच शोधून कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवावी.

नवीन 'एसएसडी' डिस्कच्या बाबतीत जास्त काळजी हवी. फिरत्या हार्ड डिस्कचे झटपट फॉरमॅट केले तर फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. मजकूर मागे राहतो आणि पुष्कळदा परत मिळवता येतो. एसएसडीत मात्र रिकाम्या ठरवलेल्या जागा डिस्क स्वतःच साफ करते, त्यामुळे फॉरमॅटनंतर बहुधा काहीच परत मिळत नाही. म्हणून संगणक दुरुस्तीला देताना 'आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे पावतीवरच लिहून घ्यावे, आणि साखळी कुठे अडते तेही सांगावे. 'बोधचिन्ह दिसते, बायोसच्या यादीत डिस्क आहे, पेनड्राइव्हवरून संगणक चालतो' एवढी तीन वाक्ये ऐकली की चांगला कारागीर थेट योग्य जागी पोचतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेच्या अडगळीत एखादा जुना, पण सुरू होणारा संगणक असेल, तर नववी-दहावीच्या मुलांसाठी तो उत्तम साधन आहे. शिक्षकांनी प्लग काढून रॅमची पट्टी काढावी आणि 'आता काय होईल?' असे विचारावे. मुलांनी आपला अंदाज आधी वहीत लिहायचा, मग संगणक सुरू करून पाहायचा. पट्टी परत बसवून पुढच्या वेळी डिस्कची वायर, त्यानंतर कीबोर्ड काढायचा. दर वेळी साखळी कुठे अडली आणि ते कशावरून कळले हे लिहायचे.

दुसरा उपक्रम चालू संगणकावर करता येईल. बटण दाबल्यापासून बोधचिन्ह, विंडोजचे चिन्ह आणि पासवर्डचा पडदा किती सेकंदांनी आला, ते मुलांनी घड्याळ लावून टिपावे. असे तीनदा करून सरासरी काढावी आणि तो कागद कॅबिनेटच्या बाजूला चिकटवावा. सहा महिन्यांनी संगणक कुरकुरू लागला, तर तो कोणत्या टप्प्यावर जास्त वेळ घेतो आहे हे त्या कागदाशी ताडून पाहता येईल. याच कागदाच्या खाली महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत कोणत्या तारखेला आणि कोणत्या डिस्कवर घेतली, यासाठी एक रकाना ठेवावा आणि दर शनिवारी तो भरण्याचे काम पाळीपाळीने एकेकाला द्यावे.